लोंबता हात

विहीणबाई खोलीबाहेर पडल्या तशी बाईंनी नर्सला विचारलं, "किती आलं?"

वरचं एकशे बावीस, खालचं ऐंशी. लेकीचं ब्लडप्रेशर अगदी ठीक होतं. बाईंचा चेहरा पडला.

लेकीला सातवा महिना होता. आधीचं मूल पोटातच गेलेलं, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी तिला हॉस्पिटलातच ठेवलं होतं. पलंगावरून उठायचं नाही, मनाला त्रास होऊ द्यायचा नाही. बाईंच्या लेखी त्रास म्हणजे विहीणबाई. गेल्या खेपेला लेक घेरी येऊन पडली ती त्यांच्याच स्वयंपाकघरात. त्याचं उट्टं काढायचंच, आणि बाळंतपणाला लेकीजवळ आपण एकटीनेच असायचं, हे बाईंनी ठरवून टाकलं होतं.

त्यासाठीच ही खासगी नर्स ठेवली होती. कोणीही भेटून गेलं की तिने प्रेशर घ्यायचं आणि नावासकट वहीत लिहायचं.

नर्स अबोल होती. मनगटावर भाजल्याचा जुना डाग. मुलं किती, असं बाईंनी विचारलं तेव्हा "एक होणार होतं" एवढंच म्हणाली. बस म्हटलं तरी बसायची नाही. बाईंना ते फार आवडायचं. त्या स्वतः शर्टांच्या कारखान्यात इस्त्रीखात्याच्या सुपरवायझर होत्या, कारखाना सुटला की लेकीला भेटून जायच्या. दिवस गेलेली बाई स्टूल मागायला आली की त्यांचं उत्तर ठरलेलं, उभं राहून कोणी मरत नाही. बायका पाठीमागे त्यांना उभ्याबाई म्हणायच्या. बाईंना त्याचा थोडा अभिमानच होता.

"आकडा कशाने वाढतो गं?" बाईंनी हळूच विचारलं.

"हात लोंबता ठेवून मोजलं तरी दहाएकाने जास्त येतो."

"मग त्या येऊन गेल्या की ठेव लोंबता. पोरीला काही होत नाही त्याने. नुसतं वहीत दिसेल."

"नुसतं वहीत," नर्स म्हणाली. "बघते."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी वही दोनदा वाचली. एकच माणूस येऊन गेलं की दरवेळी प्रेशर चढतंय, म्हणाले. बाळंतपण होईपर्यंत त्यांनी या खोलीत पाऊल टाकायचं नाही. बाईंनी हसू लपवायला मान खाली घातली.

"तुमच्याबद्दल बोलतोय, आई," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी लेकीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले. तिचा हात उशाशी बसलेल्या विहीणबाईंच्या हातात होता.

बाई बाहेर पडल्या. त्यांनी भिंत धरली आणि मागोमाग आलेल्या नर्सला म्हटलं, "अगं, एक खुर्ची तरी आण."

नर्सने खोलीचं दार ओढून घेतलं.

"उभं राहून कोणी मरत नाही, उभ्याबाई."