राहिलेली ओवी

“वच्छे, ही ओवी जात्याबाहेर जाऊ द्यायची नाही,” असं आई म्हणायची. आई गेल्यावरही वत्सलानं ती ओठांआडच ठेवली.

यंदा भाऊबीजेला वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर वाचकांनी पाठवलेल्या ओव्या झळकल्या. पहिलीच हंबीरमामाची होती, ‘लाडक्या बहिणीनं माझ्यावर रचलेली’:

*भाऊ माझा गं चाफा, दारी त्याच्या सावली*
*उन्हातान्हाची बहीण भेटाया धावली*

खाली कौतुकाचा पूर लोटला होता. ‘भाऊ असावा तर असा.’ मामा प्रत्येकाला हात जोडत होता. त्याला एवढीच ओवी ठाऊक. पुढची आई त्याच्या माघारी गायची, दळता दळता डोळे पुसत.

वत्सलाचा चहा गार झाला. मग तिनं मामाच्या ओवीखाली प्रतिक्रिया लिहिली:

*दारी उभी बहीण, भावानं लावली कडी*
*लेकरू तापलं पदरात, निजली भावाची माडी*

घटकेत मामाचा फोन आला. “वच्छे, पुस ते आधी. सगळा गाव वाचतोय.”

“वाचू दे, मामा. आईनं तुमच्या अब्रूपायी जन्मभर गिळलं. ते लेकरू माझा धाकटा भाऊ होता. तुमच्याच पायरीवर गार पडला तो.”