उरलेली भाजी

“मेलेला माणूस त्या दिवशी दोनदा जेवला होता,” सरकारी वकील म्हणाले. “या खटल्यात एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.”

जानराव मागच्या बाकावर पागोटं मांडीवर घेऊन बसला होता. मेलेला माणूस त्याचा जावई, जगदेव. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती ती त्याची एकुलती एक लेक, तुळसाबाई. त्रेपन्न साल सरत आलं होतं. अकोल्याचे जज्ज वाशीमला येऊन बसले होते. फाशी हा शब्द अजून कोणी उच्चारला नव्हता, पण जानरावाला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

“विष घालताना कोणी पाहिलं नाही. पण परिस्थिती बोलते,” वकील म्हणाले, आणि त्यांनी ती दुपार उलगडून दाखवली.

जगदेव बाराला जेवला. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर. त्याच भांड्यातलं त्याची आई गोजराबाई जेवली. दोघांना काही झालं नाही. जगदेव गाडी जुंपून जऊळक्याला निघाला, तो संध्याकाळशिवाय येणार नव्हता. गोजराबाई जेवण आटोपून शेजारी वाती वळायला गेली. घरात तुळसाबाई एकटी. वाटेत गाडीचं जू मोडलं म्हणून जगदेव दोनलाच परतला. भूक लागली म्हणाला, तेव्हा बायकोनं उरलेली भाजी-भाकर त्याच्यापुढं ठेवली. दिवेलागणीला तो गेला. भांड्याच्या बुडाशी राहिलेल्या भाजीत उंदराचं औषध निघालं. औषधाची पुडी घरातल्याच कोनाड्यातली होती.

“बारा ते दोन घरात कोण होतं, हे मी सांगायला नको. ही बाई रोज नवऱ्याच्या मागून जेवणारी. नेमकी त्याच दिवशी जेवली नाही. का?”

या प्रश्नाला तुळसाबाईनं तीन महिन्यांत उत्तर दिलं नव्हतं.

कारणही वकिलांच्या हाताशी होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. गोजराबाईनं शेलूबाजारची एक मुलगी पाहून ठेवली होती आणि जगदेव दुसऱ्या लग्नाला कबूल होता, असं तिनंच पोलिसांना सांगितलं होतं. जानरावाला आठवलं, पोळ्याला आलेला जगदेव म्हणाला होता, “मामा, तुळसी हाये तवरक दुसरी आननार नाही मी.” पण माणसाचं मन पालटतं. आणि पोटच्या पोराच्या अन्नात आई विष घालील, असं तर कोणी म्हणणार नव्हतं.

खरं सांगायचं तर जानरावाचाच लेकीवरचा विश्वास उडाला होता. तिला धरून नेलं त्या दिवशी ती म्हणाली होती, “बाबा, माह्याचमुळं गेले ते.” हे वाक्य त्यानं गिळून टाकलं होतं. आपल्या वकिलालाही सांगितलं नव्हतं. बाप असून आपल्या मनात हे येतं याची त्याला लाज वाटे, पण येणं काही थांबत नसे.

मधल्या सुट्टीत पोलिसाच्या विनवण्या करून तो तिच्याजवळ गेला.

“तुळसे, आता नाही बोलली तर कवा बोलशीन? जेवली काहून नाही तू?”

त्यानं आवाज आणखी खाली आणला.

“तूनं घातलं काय व त्यात? मले तरी सांग. मी बाप हावो तुहा.”

“तुमाले बी तसंच वाटते?” असं म्हणून ती हुंदके देऊन रडायला लागली.

मग तिनं सांगितलं. मूल व्हावं म्हणून ती सोमवार धरत होती. उपास कोणाला सांगायचा नाही, सांगितला की फळत नाही. म्हणून दर सोमवारी ती आपल्या वाट्याचं अन्न गुपचूप गाईला घाले. तो पाचवा सोमवार होता.

“त्या दिवशी बी गाईलेच घालाले निंगाली होती. तेवढ्यात ते आले. मंग त्याईलेच वाढलं. माह्या सोमवारात काई तरी चुकलं असन, बाबा. म्हनून देवानं त्याईलेच नेलं. मले होऊ द्या शिक्षा.”

जानराव पागोटं सावरत आपल्या वकिलाकडे धावला. आपण लेकीला काय विचारून बसलो, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

“उपासाला साक्षीदार कोण? गाय?” वकील म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, “सासूला विचारून पाहू. एखाद्या सोमवारी तिच्या ध्यानात आलं असेल.”

गोजराबाई साक्षीला उभी राहिली. मुलगा गेल्यापासून ती वाळून गेली होती. सकाळपासून तिनं सुनेकडे एकदाही पाहिलं नव्हतं, आणि जानरावाला त्याचा राग येत नव्हता. त्या माउलीची त्याला दयाच येत होती.

“तुमच्या जेवणानंतर भांड्यात उरे ते कोण खाई?” वकिलानं विचारलं.

“सून खाये.”

“दुसरं कोणी?”

“दुसरं कोन खाईन? घरात तिघंच आमी.”

“त्या दिवशी सोमवार होता. तुळसाबाईचा उपास होता, ठाऊक होतं?”

“कायचा उपास? खोटं हाये. रोज जेवे ते.”

“पाच सोमवार ती जेवलीच नव्हती, बाई. मूल व्हावं म्हणून. आपलं अन्न गाईला घालत होती. त्या दिवशी मुलगा अवचित परत आला, म्हणून ते त्याच्या ताटात गेलं.”

गोजराबाईनं कठडा धरला. तिनं पहिल्यांदा सुनेकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी छाती पिटत ती ओरडली,

“अवं भवाने, उपास होता तर मले सांगाचं नव्हतं काय? तुह्या वाट्याचं होतं ना व ते!”