फन रनचा रस्ता

शाळेची पोरं आणि आजूबाजूचे रहिवासी मिळून दरवर्षी जी फन रन धावायचे, तिचा रस्ता मुख्याध्यापिकाबाई स्वतः ठरवायच्या; आणि दरवर्षी हुडकून हुडकून सगळ्यांत भिकार गल्ली काढायच्या. यंदा तर त्यांनी उघड्या गटाराची गल्ली निवडली. त्याच गटारात पहिलीतली एक मुलगी शाळेत येताना पडली होती.

"बाई, पोरांचे हातपाय मोडतील," खेळाचे सर म्हणाले.

"रस्ता तोच राहील, सर," म्हणत बाईंनी फोन उचलला आणि एकदम मधाळ झाल्या. "सगळ्यांत पुढे तुम्हीच धावायचं हं, महापौरसाहेब! फोटोवाले येणारेत."

पाणी कुठं मुरतंय ते सरांना आता कळलं. पोरांचा जीव धोक्यात घालून बाई साहेबांची मर्जी राखत होत्या, बढतीवर डोळा ठेवून! पुरावाच हवा म्हणून आदल्या दिवशी सर मोबाइल घेऊन त्या गल्लीत गेले.

गटारावर नवीकोरी झाकणं बसली होती. खड्डे बुजले होते. मुकादम घसा फोडून ओरडत होता, "रोलर अजून एकदा फिरवा रे! उद्या साहेबांचा पाय मुरगळला, तर ते आपली मान मुरगळतील!"

सर तसेच शाळेत परतले आणि बाईंच्या दारात जरा घुटमळले.



"बाई, पुढच्या वर्षी... आमच्या गल्लीतून नेता येईल का?"