कसं लागतंय ते सांग

या, असे जवळ सरका. गोष्ट एवढीशीच आहे, हातातला चहा निवायच्या आत संपेल. पण कीर्तनाहून घरी परतताना जसं एखादं वाक्य सोबत चालत येतं, तशी ती माझ्याबरोबर आली आहे. तुम्हालाही देतो.

मोठ्या थीम पार्कमध्ये फुलांचा महोत्सव भरला होता. झुडूप कातरून केलेल्या हत्तीच्या सावलीत, एका बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. मागे पाळणे गरगरत होते, वरून किंकाळ्या येत होत्या. समोर इटालियन धर्तीच्या पदार्थांचे स्टॉल ओळीनं मांडलेले. कागदी वाटीत दोन-दोन घास चाखायला मिळत. भावजय उठे, वाटी आणी, पुन्हा बसे.

नणंदेनं तीस वर्षं एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तीनशे माणसांचा स्वयंपाक केला होता. उद्या सकाळी आठ वाजता डॉक्टर तिची जीभ काढणार होते. गाठ मुळापर्यंत गेली होती. जीव वाचेल, म्हणाले. चव जाईल आणि बोलणंही जाईल.

सकाळी भावजयीनं विचारलं होतं, "वन्सं, आज तुमच्या आवडीचं काय करू?"

"ओळखीचं काही नको. ओळखीचं खाल्लं तर उद्यापासून त्याचीच आठवण काढत बसेन. अनोळखी काहीतरी खाऊ. ते गेलं तर रडणार कोण?"

म्हणून इथे. पहिल्या वाटीत भाजलेला पाव, त्यावर टोमॅटो आणि एक हिरवं पान. नणंद उजव्या बाजूनं सावकाश चावत होती. डावी बाजू दुखायची.

"हे पान म्हणजे तुळशीची चुलत बहीण," ती म्हणाली. "पण माहेरी लाडावलेली. तुला कसं लागलं?"

"छान."

दुसऱ्या वाटीत लोण्यात शिजवलेला भात.

"एक उकळी कमी पडलीय."

"अहो, असाच असतो म्हणे तो. मुद्दाम टणक ठेवतात."

"कच्चं ठेवायचं आणि वर त्याला नाव द्यायचं. मी असा वाढला असता तर कारखान्यात संप झाला असता." तिनं तो भात मात्र शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. "तुला?"

"छान आहे की."

नणंदेनं तिच्याकडे एकवार पाहिलं.

मग भावजय गोडाची वाटी घेऊन आली. कॉफीत भिजवलेली बिस्किटं, त्यावर पांढरं मऊ काहीतरी, वरून कोकोची पूड. "वन्सं, हे शेवटचं. सावकाश खा."

नणंदेनं वाटी हातात घेतली, वास घेतला आणि परत तिच्याच हातात दिली.

"तू खा."

"मी प्रत्येकातलं खाल्लंय. हे तुमचं."

"तू खा, आणि मला सांग कसं लागतंय ते. उद्यापासून मला कुठल्याही पदार्थाची चव कळायची ती तुझ्याकडून. आणि तुला तर 'छान'च्या पुढे शब्द नाही. माझ्या दादाच्या घरात आलीस तेव्हापासून ऐकतेय. करपलेलंही छान, खारटही छान."

"वन्सं, आज नको ना. आज तुम्हीच खा."

"आजच. आज तुझी चूक तरी काढता येईल मला. उद्या तू काहीही सांगशील आणि मी नुसती मान हलवेन."

भावजयीनं चमचा तोंडात घातला. घास फिरत राहिला.

"छान आहे," ती म्हणाली.

"नापास. पुन्हा घे."

"गोड आहे. आणि कडू."

"आधी काय, मागून काय? पाहुणे एकदम दारात उभे करू नकोस, एकेकाला आत घे."

भावजय शिवणकाम करायची. तिच्या बोटांना जे कळे ते तोंडाला कधी सांगता आलं नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि तिसरा घास घेतला.

"वरचं आहे ना, ते धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलीसारखं आहे," ती हळूहळू म्हणाली. "ठेवलं की कुठे गेलं कळत नाही. गोड, पण थोडंच. त्याच्या आत कॉफीचं अस्तर आहे. कडू. पण टोचत नाही, कुणीतरी नीट बेतून लावलंय. आणि पूड म्हणजे, खडूनं खूण केल्यावर बोटाला राहते ना, तशी. कोरडी. ती टाळ्याला चिकटून बसते. बाकी सगळं गेलं तरी ती जात नाही, वन्सं."

ती थांबली.

"थांबू नकोस," नणंद म्हणाली. "टाळ्याला चिकटली. मग?"

"मग कॉफी परत येते. या वेळी कोमट होऊन."

नणंदेनं डोळे मिटून घेतले. तिच्या गळ्याची घाटी वर झाली, खाली आली. तिनं सावकाश गिळलं होतं. तोंडात काहीच नव्हतं.

"असंच," ती म्हणाली. "असंच सांगत जा."

मंडळी, चहा संपला असेल. एकच मागणं आहे. रात्री निजताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या कँटीनच्या स्वयंपाकिणीला आठवा, आणि एकदा तिच्या वाटचं नावही घ्या.