पहिली रांग

आजही नवरोबांनी पहिली रांग धरली, चेलो वाजवणाऱ्या त्या सोनेरी केसांच्या बाईसमोर. हंगेरीतल्या या गरम झऱ्यांच्या गावी आले गुडघ्यांसाठी, पण संध्याकाळी बागेतल्या मैफलीला तरातरा चालत. कुंदाताईंना काही कळत नव्हतं थोडंच! घरी हाकांवर हाका मारल्या तरी ओ देत नाहीत, आणि इथे बाईच्या हातावरून नजर हलत नाही.

"अहो, बाकीचेही वाजवताहेत," त्या फणकारल्या. नवरोबांचा मांडीवरचा ताल चालूच.

इतक्यात बाईने गज खाली ठेवला. नवरोबांचा हात थांबला आणि "वा!" म्हणत ते जोरजोरात टाळ्या वाजवू लागले.

व्हायोलिनं अजून वाजत होती.

कुंदाताईंना घरच्या त्या सगळ्या हाका आठवल्या. त्यांनी नवऱ्याचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटांनी ताल धरला.