मिठीचं जॅकेट

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" म्हणत मुकुंदाने थेरपीवाल्या बाईंनी दिलेलं मिठीचं जॅकेट लेकीआधी स्वतःच चढवलं. घालणाऱ्याचं मन निवलं की ते आपोआप सुटायचं. तोवर आवळत राहायचं.

"मी शांतच आहे," तो दातओठ खात म्हणाला. जॅकेट आवळलं.

"अहो, शांत व्हा की," बायको सुलभा म्हणाली. आणखी आवळलं. शेजारचे चाफेकरकाका प्राणायाम शिकवायला आले, तेव्हा तर बरगड्या कुरकुरल्या.

तेरा वर्षांच्या ओवीने दोघांना खोलीबाहेर घालवलं आणि ती त्याच्याजवळ बसली. "बाबा, मलाही सगळे असंच सांगतात."

मुकुंदाने तिच्याकडे पाहिलं. जॅकेटचा एक पट्टा सुटला.

"झालात का शांत?" बाहेरून सुलभा ओरडली. पट्टा खाडकन पुन्हा बसला.

ओवी उठली आणि तिने दाराला आतून कडी घातली.