पॉलिनचं पोट

पॉलिन आगाशीला एसटीतून उतरली, तेव्हा बाजारातल्या बायकांची नजर आधी तिच्या पोटावर गेली. पोट सपाट होतं. मग नजर हातांवर गेली. हातात एक पिशवी, बस्स. चार जणी चांगल्या ओळखीच्या होत्या, पण "बरी आहेस का गो?" म्हणून एकीच्याही तोंडून निघालं नाही.

गेल्या पावसाळ्यात हेच पोट वाढायला लागलं होतं. नवरा फर्डिनंड दीड वर्ष बहरीनला, तेलाच्या कंपनीत. इकडे बायकोची पाळी बंद, तोंड भाकरीसारखं फुगलेलं, गाल लालबुंद. हातपाय मात्र काटक्या झाले होते. पण हातपाय बघतो कोण? पोटावर जांभळे वळ उठले, मानेमागे मांस चढलं, ते तर पदराआड. गावाने काय ते ठरवून टाकलं. लग्नघरी वडे तळायला तिला बोलावणं येईना. ती विहिरीवर गेली की बाकीच्यांच्या घागरी लगेच भरायच्या. पापनिवेदनाला फादरही तीन-तीनदा विचारायचे, आणखी काही सांगायचं आहे का म्हणून. सांगायला काही नव्हतंच, बिचारी रडत घरी यायची.

घरी सासू होती म्हणून ती तगली. आग्नेस म्हणजे सासवांच्या जातीला बट्टा लावणारी बाई. सुनेबद्दल कोणी ब्र काढला की म्हणायची, तिच्या पोटात वायू धरलाय, तुमच्या डोक्यात धरलाय तसा. पॉलिनला तिने घागर उचलू दिली नाही, की बहरीनला आजाराचं अक्षर लिहू दिलं नाही. तो लांब, उगाच जिवाला घोर. शेवटी तिनेच पॉलिनला वांद्र्याला, पॉलिनच्याच बहिणीकडे धाडलं. पुरती बरी होईस्तोवर येऊ नकोस, असं बजावून.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी डब्यात साठवायला लावली, तपासली, आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. अडीअडचणीला अंगात बळ आणणारा रस ती गरजेपुरता करते. पॉलिनच्या डावीकडच्या ग्रंथीत गाठ झाली होती आणि ती गाठ रात्रंदिवस रस ओतत होती; त्यानेच पोट नि तोंड फुगलं, पाळी थांबली.

"यात तुमचा काही दोष नाही," डॉक्टर म्हणाले.

पॉलिन तिथेच हमसून हमसून रडली. इतक्या महिन्यांत हे कोणी म्हटलंच नव्हतं.

गाठ कापून काढली. उजवीकडची ग्रंथी इतके दिवस आयती बसून सुस्तावली होती. ती कामाला लागेपर्यंत गोळ्या, आणि डॉक्टरांच्या नजरेसमोर राहणं. पाच-सहा महिने गेले. तोंड उतरलं, पोट उतरलं, आरशात जुनी पॉलिन दिसू लागली.

आता बाजारातून चालताना तिने मान वर ठेवली. गाव गेलं खड्ड्यात. आपल्यावर विश्वास असलेलं एक माणूस घरी आहे, तेवढं तिला पुरे होतं.

आग्नेसने तिला बसवलं, गरम पेज दिली. पॉलिनने इस्पितळाचे कागद काढले. गाठ, ग्रंथी, रस, सगळं भरभरून सांगितलं, कुशीवरचा व्रणसुद्धा दाखवला. म्हातारीने हूं हूं करत ऐकून घेतलं. कागद न बघताच घडी करून बाजूला ठेवले. मग उठून दाराला कडी घातली, सुनेजवळ येऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"माझ्यासमोर कशाला हे सगळं, बाये? फर्डिनंडला मी मरेपर्यंत सांगणार नाही. एवढंच सांग, पोर कोणाला दिलंस? घेऊन आली असतीस तर मी वाढवलं असतं गो."